आज्ञावलीची पुनर्रचना व कार्यवेग

संगणकाच्या अस्तित्वात असलेल्या आज्ञावलीचे बाह्य वर्तन तसेच ठेवून, म्हणजे त्याच आदानांना तीच प्रदाने मिळत राहतील अशी दक्षता घेऊन, तिची केवळ अंतर्रचना सुधारण्याच्या क्रियेस पुनर्रचना किंवा रीफॅक्टरिंग असे म्हणतात. लांबलचक उपआज्ञावलीचे लहान भाग पाडणे, नावे अर्थपूर्ण करणे, अनेक ठिकाणी विखुरलेला एकच नियम एका जागी आणणे, एका भागातील माहितीची मांडणी दुसऱ्या भागापासून झाकून ठेवणे ही तिची नेहमीची रूपे होत. बाह्य वर्तनाच्या या व्याख्येत एक गोष्ट मात्र सहसा धरली जात नाही व ती म्हणजे काल. पुनर्रचनेनंतर उत्तर तेच मिळते. परंतु ते तितक्याच वेळात मिळेल अशी हमी व्याख्येत नाही. सुबोध रचनेसाठी कार्यवेगाची किती किंमत मोजावी, हा प्रश्न त्यामुळे या क्रियेला प्रारंभापासून चिकटलेला आहे.

ही किंमत निरनिराळ्या रूपांत येते. एका उपआज्ञावलीतून दुसरीस पाचारण करताना आवश्यक मूल्ये ठरावीक जागी ठेवावी लागतात, परतीचा पत्ता नोंदवावा लागतो व काम झाल्यावर मूळ स्थळी परतावे लागते. माहितीची मांडणी झाकली, तर ती मिळविण्यासाठी मध्यस्थ लागतो. दोन भाग एकमेकांपासून अलग ठेवले, तर काही वेळा तीच माहिती दोनदा लिहावी वा मोजावी लागते. यांपैकी प्रत्येक खर्च खरा आहे. वाद आहे तो त्याच्या आकाराविषयी. आणि या आकाराचा अंदाज बांधण्यात अनुभवी आज्ञावलीकारही वारंवार चुकतात, असे या विषयाच्या इतिहासावरून दिसते.

एका साध्या उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. एखाद्या बँकेतील खाते-उतारा तयार करणाऱ्या आज्ञावलीत एकच मोठा लूप, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करविणारा फेरा, आहे असे समजू. प्रत्येक नोंद वाचताना तो शिल्लक काढतो, व्याजासाठी लागणारा गुणाकार करतो आणि मुद्रणासाठी ओळही जुळवितो. तिन्ही कामे एकमेकांत गुंतल्यामुळे व्याजाचा नियम बदलावयाचा झाल्यास मुद्रणाची ओळ बिघडण्याचा धोका असतो. पुनर्रचना करणारा या एका लूपचे तीन लूप करतो : पहिला शिल्लक काढतो, दुसरा व्याज आणि तिसरा मुद्रणाची ओळ जुळवितो. नोंदी एकदाऐवजी तीनदा चाळल्या जाणार, हे पाहून अनेकांना हा अपव्यय वाटतो. खात्यात १,००० नोंदी आहेत व एका नोंदीवरील एका क्रियेस १० नॅनोसेकंद लागतात असे धरल्यास एक फेरी १० मायक्रोसेकंदांची होते. अर्थात वाढीव दोन फेऱ्यांचा खर्च २० मायक्रोसेकंद येतो. फिरत्या चुंबकीय तबकडीवरील एक नोंद शोधून वाचण्यास सुमारे १० मिलिसेकंद, म्हणजे या वाढीव खर्चाच्या ५०० पट काळ लागतो. उतारा मागणाऱ्या ग्राहकाला हा फरक कधीही जाणवणार नाही.

आता त्याच आज्ञावलीत दुसरा एक बदल करू. प्रत्येक नोंद ही आपल्या व्यवहाराच्या शाखेचे नाव स्वतःच सांगू शकेल अशी एक वस्तू केली आणि नाव विचारताच ती दुसऱ्या यंत्रावरील माहितीसंचाकडे पृच्छा पाठवील अशी सोय केली. कागदावर ही रचना पहिलीइतकीच किंबहुना अधिकच देखणी दिसते. परंतु जाळ्यावरून एका पृच्छेची ये-जा १ मिलिसेकंदात होते असे मानले, तरी १,००० नोंदींसाठी १ सेकंद खर्च होतो. पूर्वी हेच काम एका पृच्छेत होत असे. वाढीव लूपच्या तुलनेत हा खर्च ५०,००० पट आहे. दोन्ही बदलांत आज्ञावली वाचणाऱ्याला दिसणारा फरक चार-सहा ओळींचाच आहे. पहिल्या बदलाला भिऊन नकार देणारा व दुसरा सहज स्वीकारणारा आज्ञावलीकार व्यवहारात अनेकदा भेटतो. त्याचे कारण असे की, लूप डोळ्यांना दिसतो, तर जाळ्यावरील ये-जा एका सोज्वळ नावाच्या उपआज्ञावलीमागे लपलेली असते.

इतिहास : संगणकाचा वेळ माणसाच्या वेळेपेक्षा फार महाग होता, त्या काळी हा प्रश्न उच्च स्तरीय भाषांच्या निमित्ताने प्रथम पुढे आला. जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएम ७०४ या संगणकासाठी तयार केलेली फोर्ट्रान ही भाषा १९५७ मध्ये उपलब्ध झाली. कंपायलरने, म्हणजे अशा भाषेतील आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीने, निर्माण केलेले काम हाताने लिहिलेल्या यंत्रभाषेच्या निम्म्याच वेगाने चालले, तर कोणीही ही भाषा स्वीकारणार नाही, अशी भीती बॅकस यांना होती. त्यामुळे या गटाने आपला बराचसा श्रम भाषेच्या सौंदर्यापेक्षा तिच्या रूपांतराच्या गुणवत्तेवर खर्च केला.

१९७३ मध्ये डेनिस रिची व केन टॉमसन यांनी युनिक्स या परिचालन प्रणालीचा गाभा यंत्रनिष्ठ भाषेतून सी या भाषेत नव्याने लिहिला. नवा गाभा जुन्यापेक्षा आकाराने सुमारे एकतृतीयांश मोठा झाला. पीडीपी-११ या संगणकाची स्मृती लक्षात घेता ही वाढ क्षुल्लक नव्हती. तथापि १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी ती सर्वस्वी मान्य केली. कारण नवी प्रणाली समजण्यास व बदलण्यास पुष्कळच सोपी झाली होती आणि एकाच वेळी अनेक कामे चालविण्यासारख्या नव्या सोयीही तिच्यात आल्या होत्या. किंमत मोजून, ती आकड्यात सांगून, मग स्वीकारल्याचे हे एक जुने व प्रामाणिक उदाहरण आहे. युनिक्स पुढे निरनिराळ्या घडणीच्या संगणकांवर नेता आली, ती याच निर्णयामुळे.

रचनेची बाजू तात्त्विक भूमिकेवरून मांडण्याचे श्रेय डेव्हिड एल. पार्नस यांच्याकडे जाते. आज्ञावलीचे भाग कामाच्या पायऱ्यांप्रमाणे न पाडता, पुढे बदलण्याचा संभव असलेला एकेक निर्णय एकेका भागात झाकला जाईल असे पाडावेत, हे त्यांनी १९७२ मध्ये प्रतिपादन केले. शब्दसूची तयार करणाऱ्या एका छोट्या आज्ञावलीची दोन प्रकारे विभागणी करून त्यांनी हे दाखविले. दुसऱ्या, माहिती-गोपनाच्या तत्त्वावरील विभागणीत ओळीतील एक अक्षर मिळविण्यासाठीही उपआज्ञावलीस पाचारण करावे लागत असे. ही रचना शब्दशः अमलात आणल्यास फार मंद ठरेल, हे पार्नस यांनी स्वतःच नमूद केले आहे. त्यांनी सुचविलेला उपाय असा की, लिहिणाऱ्याने विभागणी स्वच्छच ठेवावी आणि लहान उपआज्ञावलींचा मजकूर पाचारणाच्या जागी यंत्रानेच भरावा. त्यांच्या अनुयायांनी तत्त्व उचलले. या सावधगिरीच्या सूचनेकडे मात्र अनेकांनी दुर्लक्ष केले.

पुढील काळात हा उपाय कंपायलरांच्या अंगवळणी पडला. गाय एल. स्टील यांनी १९७७ मध्ये असे दाखवून दिले की, पाचारण महाग असते हा समज मुख्यतः त्या वेळच्या भाषांच्या सदोष अंमलबजावणीतून आलेला आहे. विशेषतः उपआज्ञावलीच्या अखेरीस येणारे पाचारण हे मूल्ये सोबत घेऊन केलेल्या साध्या उडीपेक्षा अधिक काही असण्याचे कारण नाही. कोणती उपआज्ञावली चालवावयाची हे प्रत्यक्ष चालण्याच्या वेळी ठरते अशा स्मॉलटॉकसारख्या भाषांतही मागील शोधाचे उत्तर पाचारणाच्या जागीच लिहून ठेवण्याची युक्ती १९८४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यामुळे लहान उपआज्ञावली केल्यास वेग घटतो, हे विधान आजच्या बहुतेक कंपायलरांपुरते तरी सामान्यतः खरे राहिलेले नाही. मात्र कोणती उपआज्ञावली चालणार हे कंपायलरला ठरविताच येत नसेल, तर मजकूर जागच्या जागी भरता येत नाही व खर्च उरतो. तो अत्यंत आतल्या लूपमध्ये असेल, तर जाणवतोही.

पुनर्रचना या क्रियेचा स्वतंत्र अभ्यास मात्र उशिरा झाला. विल्यम ओपडाइक यांनी राल्फ जॉन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली इलिनॉय विद्यापीठात लिहिलेला प्रबंध १९९२ चा आहे. मार्टिन फाउलर यांच्या १९९९ मधील ग्रंथामुळे ही संज्ञा सर्वत्र रूढ झाली. त्याची दुसरी आवृत्ती २०१८ मध्ये निघाली.

खर्चाचे केंद्रीकरण : आज्ञावलीचा वेळ तिच्या ओळींत समान वाटलेला नसतो, हा या विषयातील पायाभूत निष्कर्ष आहे. डॉनल्ड ई. कनूथ यांनी फोर्ट्रानमधील प्रत्यक्ष वापरातील आज्ञावलींची पाहणी करून १९७१ मध्ये असे नोंदविले की, आज्ञावलीच्या ४ टक्क्यांहून कमी भागात सर्वसाधारणपणे तिचा निम्म्याहून अधिक वेळ जातो. याचा अर्थ अंकगणिताने सहज लागतो. एकूण वेळेपैकी ४ टक्के वेळ घेणारा भाग पुनर्रचनेमुळे दुप्पट मंद झाला, तरी सर्व आज्ञावली ४ टक्क्यांनीच मंदावते. उलट निम्मा वेळ घेणारा भाग केवळ एकदशांशाने मंद झाला, तर एकूण वेळ ५ टक्क्यांनी वाढतो. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये समांतर गणनाविषयी मांडलेल्या विचारामागे हेच अंकगणित आहे.

कनूथ यांचे १९७४ मधील एक वचन या संदर्भात फार वेळा उद्धृत केले जाते. वेळेआधी केलेली वेगवृद्धी ही साऱ्या दोषांचे मूळ आहे, असा त्याचा आशय आहे. ते अर्धवट उद्धृत होते, ही खेदाची गोष्ट होय. त्याच परिच्छेदात, सुमारे ९७ टक्के प्रसंगी लहानसहान काटकसर विसरावी असे सांगताना, उरलेल्या ३ टक्के निर्णायक भागातील संधी मात्र दवडू नये, असेही त्यांनी बजावले आहे. इतर अभियांत्रिकी शाखांत सहज साधणारी १२ टक्क्यांची सुधारणा कोणी क्षुल्लक मानत नाही, मग आज्ञावलीलेखनात का मानावी, असा त्यांचा प्रश्न आहे. मूळ निबंध तर आतल्या लूपमध्ये वेगासाठी कोणत्या रचना कराव्यात याचीच चर्चा करतो. आळसाचे समर्थन करण्यासाठी त्याचा आधार घेणे योग्य नाही.

निर्णायक भाग कोणता हे अंदाजाने कळत नाही. ते मोजावे लागते. त्यासाठी प्रोफायलर नावाच्या आज्ञावली वापरतात. बर्कली येथे तयार झालेली व १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेली जीप्रॉफ ही त्यांपैकी विशेष प्रसिद्ध आहे. एखाद्या उपआज्ञावलीत गेलेला वेळ ती पाचारण करणाऱ्यांच्या नावे वाटूनही दाखविते. अंदाज व मोजणी यांतील अंतराचे एक बोलके उदाहरण फाउलर यांच्या ग्रंथात आले आहे. क्रायस्लर या मोटार कंपनीची वेतनगणनेची आज्ञावली फार मंद चालत होती. केंट बेक व फाउलर यांची वाट पाहत असताना रॉन जेफ्रीज यांनी संभाव्य कारणांची मनाशी यादी केली होती. प्रत्यक्ष मोजणीत त्यांपैकी एकही कारण खरे ठरले नाही. निम्मा वेळ दिनांक निर्माण करण्यात जात होता आणि त्या दिनांकांची मूल्ये पाहिली, तर ती वारंवार तीच होती. तयार केलेले दिनांक पुन्हा वापरण्याची व्यवस्था होताच वेग जवळजवळ दुप्पट झाला. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, दिनांकनिर्मिती एका ठिकाणी एकवटलेली होती म्हणूनच दुरुस्ती काही मिनिटांची ठरली. हाच मजकूर शेकडो ठिकाणी पसरलेला असता, तर दोष कळूनही तो काढता आला नसता. सुबोध रचना वेगाच्या आड येते असे म्हणणाऱ्यांनी रचनेचा हा दुसरा उपयोग हिशेबात धरावयास हवा.

मोजणीलाही तिचे दोष आहेत. एकदाच घेतलेले मापन निरुपयोगी असते. त्याच यंत्रावर चालू असलेली इतर कामे, प्रक्रियकाचे तापमान, कॅश स्मृतीतील आधीची माहिती यांमुळे काही टक्क्यांचा फरक आपोआप पडतो. चालता चालता यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या भाषांत पहिल्या काही फेऱ्या मंदच असतात. शिवाय परीक्षणासाठी घेतलेली माहिती खऱ्या वापराइतकी मोठी नसेल, तर मोजणी अचूक असूनही निष्कर्ष चुकतो. दहा नोंदींच्या खात्यावर तपासलेली वरील पृच्छांची रचना निर्दोष वाटेल, यात नवल नाही.

सीमारेषांवरील खर्च : लहान उपआज्ञावली, अर्थपूर्ण नावे, लूपची विभागणी यांचा खर्च बहुधा टक्क्यांत येतो व नंतर निस्तरता येतो. ज्या पुनर्रचनेत नव्या सीमा निर्माण होतात किंवा माहितीची स्मृतीतील मांडणी बदलते, तिचा खर्च मात्र पटींत येऊ शकतो व तो मागाहून काढणे अवघड जाते. निर्णयाच्या दृष्टीने हा भेद, प्रस्तुत लेखकाच्या मते, रचना विरुद्ध वेग या नेहमीच्या भेदाहून अधिक उपयोगी आहे.

स्मृतीचे उदाहरण प्रथम घेऊ. आधुनिक प्रक्रियक जवळच्या कॅश स्मृतीतून चार-पाच चक्रांत माहिती उचलतो. मुख्य स्मृतीपर्यंत जावे लागल्यास शंभराहून अधिक चक्रे वाट पाहावी लागते. मुख्य स्मृतीतून माहिती एकेक शब्दाने येत नाही, तर बहुतेक प्रक्रियकांत ६४ बाइटांच्या पट्ट्यांनी येते. खात्याचे नाव, पत्ता, शाखा, शिल्लक असे सर्व मिळून ६४ बाइटांची एक वस्तू केली आणि लक्षावधी खात्यांची केवळ ८ बाइटांची शिल्लक बेरजेस घेतली, तर आणलेल्या माहितीचा एक अष्टमांशच उपयोगी पडतो. सर्व शिलका एका सलग रांगेत ठेवल्यास प्रत्येक पट्टीत आठ शिलका येतात. वस्तुनिष्ठ रचनेचा आदर्श पहिल्या मांडणीकडे ओढतो, तर यंत्र दुसरीकडे. संगणकीय खेळ, हवामानाचे अंदाज, प्रतिमांचे संस्करण या क्षेत्रांत दुसरी मांडणी पसंत केली जाते, ती काही लेखकांच्या अज्ञानामुळे नव्हे.

परिचालन प्रणालींच्या क्षेत्रात सीमांचा वाद फार गाजला. प्रणालीचा गाभा अगदी लहान ठेवून फायली, जाळे इत्यादींची कामे अलग आज्ञावलींकडे सोपवावीत, हा सूक्ष्म-गाभ्याचा विचार रचनेच्या दृष्टीने आकर्षक होता. परंतु अशा आज्ञावलींत प्रत्येक कामासाठी संदेशांची देवाणघेवाण करावी लागते. कार्नेगी-मेलन विद्यापीठातील माख या प्रणालीत ही देवाणघेवाण इतकी महाग पडली की, ही कल्पनाच मुळात मंद आहे असा समज पसरला. जर्मनीतील योखेन लीट्के यांनी १९९३ मध्ये आपल्या एल३ या गाभ्यात ८ बाइटांचे संदेश माखच्या २२ पट वेगाने पाठवून दाखविले. चार वर्षांनी त्यांचा पुढील गाभा एल४ याच्यावर लिनक्स चालविण्यात आली, तेव्हा एका प्रचलित कसोटीवर मूळ लिनक्सच्या तुलनेत कमाल कामात केवळ ५ टक्क्यांची घट आढळली. माखवर आधारलेल्या लिनक्सच्या दोन रूपांत हीच घट त्याच्या पाचपट व सातपट होती. दोष विभागणीचा नसून तिच्या अंमलबजावणीचा होता, हे यावरून सिद्ध झाले. पण लीट्के यांना त्यासाठी गाभा विशिष्ट प्रक्रियकाला धरून मुळापासून रचावा लागला, हेही विसरता येत नाही. स्वच्छ सीमा ठेवून वेग मिळतो. तो फुकट मात्र मिळत नाही.

एकाच मोठ्या आज्ञावलीचे अनेक यंत्रांवर चालणाऱ्या लहान सेवांमध्ये विभाजन करणे, ही अलीकडे पुष्कळ केली जाणारी पुनर्रचना याच वर्गात मोडते. येथे सरासरी वेळ फसवी ठरते. एखादी सेवा शंभरांत एकदाच रेंगाळते असे धरू. एका विनंतीसाठी अशा १०० सेवांचे उत्तर यावे लागत असेल, तर किमान एक तरी रेंगाळण्याची संभाव्यता सुमारे ६३ टक्के होते. म्हणजे जे क्वचित घडत होते ते नेहमीचे होऊन बसते. शिवाय सीमा ओलांडताना माहिती संदेशाच्या रूपात बांधावी व पलीकडे सोडावी लागते. गूगल या कंपनीच्या संगणक-केंद्रांतील यंत्रांचे दीर्घकाल मापन करून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, संदेशांची बांधणी, दूरपाचारण, स्मृतीचे वाटप, माहितीचे संकोचन यांसारख्या सामाईक कामांत प्रक्रियकांची जवळजवळ ३० टक्के चक्रे खर्च होतात असे दिसून आले. याच अभ्यासाने कनूथ यांच्या निष्कर्षाला एक मर्यादाही घातली : इतक्या मोठ्या समूहात वेळ खाणारी अशी एखादी ठळक जागा सापडत नाही, तो सर्वत्र विखुरलेला असतो. हजारो यंत्रे चालविणाऱ्या संस्थेस एका सामाईक उपआज्ञावलीतील १ टक्का बचतही यंत्रांच्या व विजेच्या रूपाने हाती लागते. त्याच उपआज्ञावलीत तितक्याच बचतीसाठी एखाद्या कार्यालयातील हजेरीपत्रकाची आज्ञावली दुर्बोध करणे निरर्थक ठरते.

काही ठिकाणी मात्र किंमत आधीच ठरवून द्यावी लागते. पेसमेकर, विमानाची नियंत्रणे, दूरध्वनी केंद्रे यांत उत्तर उशिरा येणे म्हणजे चुकीचे येणे होय. अशा प्रणालींत प्रत्येक भागास काळाचा वाटा नेमून दिलेला असतो आणि पुनर्रचनेनंतर तो ओलांडला गेला, तर बाह्य वर्तन बदलले असेच मानावे लागते.

काटकसरीची किंमत : कार्यवेगासाठी रचनेत घेतलेली सवलतही पुढे महाग पडू शकते. बी. पी. लिएंट्झ व ई. बी. स्वॉन्सन यांनी ४८७ संस्थांची पाहणी करून १९८० मध्ये असे दाखविले की, आज्ञावलीविभागातील कर्मचाऱ्यांचा जवळजवळ निम्मा वेळ जुन्या आज्ञावलींच्या देखभालीत जातो. दुर्बोध रचनेचा भार या निम्म्यावर पडतो आणि प्रोफायलरमध्ये तो दिसत नाही. ८० स्तंभांच्या छिद्रित पत्रांच्या काळात जागा वाचविण्यासाठी वर्षाचे दोनच अंक नोंदविण्याची पद्धत पडली. त्या वेळी ती शहाणपणाची होती. परंतु दिनांकाची मांडणी एका जागी झाकलेली नसल्याने हजारो आज्ञावलींत ती पसरली आणि इ. स. २००० जवळ येताच जगभर त्यांची ओळ न् ओळ तपासावी लागली. मुंबई-पुण्यातील कंपन्यांसह भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाच्या वाट्याला आलेल्या कामाचा मोठा भाग १९९० नंतरच्या दशकात याच दुरुस्तीचा होता.

याहून गंभीर उदाहरण ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कूरू येथून सुटलेल्या आरियान ५ या रॉकेटाचे आहे. त्याच्या जडत्वीय संदर्भ प्रणालीतील आज्ञावली आरियान ४ वरून घेतलेली होती. ६४ अंकस्थानांच्या एका मूल्याचे १६ अंकस्थानांच्या पूर्णांकात रूपांतर करताना ते मूल्य मावले नाही. या प्रसंगासाठी संरक्षण ठेवलेले नव्हते. मूळ प्रणाली व तिची राखीव प्रणाली दोन्ही बंद पडल्या आणि उड्डाणक्रम सुरू झाल्यानंतर सुमारे ४० सेकंदांत रॉकेट नष्ट झाले. चौकशी मंडळाच्या अहवालावरून असे दिसते की, धोका असणाऱ्या सात चलांपैकी चारच संरक्षित केलेली होती. उरलेली तीन मुद्दाम उघडी ठेवण्यात आली, कारण संगणकावरील भार ८० टक्क्यांच्या मर्यादेत ठेवावयाचा होता. आरियान ४ च्या उड्डाणमार्गापुरता तो निर्णय बिनचूक होता. नव्या रॉकेटाचा आडवा वेग अधिक असल्याने त्याचा आधारच नाहीसा झाला. आणि ज्या गणनेत हा दोष घडला, तिची आरियान ५ ला उड्डाणानंतर गरजही नव्हती. वेगासाठी केलेली ही सूट चुकीची होती असे मंडळाने म्हटलेले नाही. तिचे समर्थन आज्ञावलीच्या मजकुरात कोठेही आढळले नाही, ही बाब मात्र त्याने आवर्जून नोंदविली आहे.

हल्लीच्या प्रथेनुसार पुनर्रचना व वेगवृद्धी ही दोन कामे एकाच वेळी करीत नाहीत. प्रत्येक बदलानंतर उत्तरे तपासणाऱ्या चाचण्यांबरोबरच ठरावीक कामांचा काळ मोजणाऱ्या चाचण्याही आपोआप चालविल्या जातात, त्यामुळे कोणत्या बदलाने किती फरक पडला हे त्याच दिवशी कळते. वेगासाठी एखादा भाग जाणूनबुजून दुर्बोध ठेवलाच, तर तो लहान राखून एका सीमेआड बंद करतात व त्याच्या माथ्यावर कारण, मोजलेले आकडे, यंत्राचा प्रकार आणि दिनांक लिहून ठेवतात. यंत्र बदलले की हे आकडे पुन्हा घ्यावे लागतात. जुन्या प्रक्रियकासाठी हाताने केलेली वेगवृद्धी नव्या कंपायलरच्या कामात अडथळा ठरल्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत.